पैसे एकाकडे, जागा दुसऱ्याकडे

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणे एकापाठोपाठ एक रद्द होऊ लागली. वैमानिकांच्या ड्यूटीचे आणि विश्रांतीचे सुधारित नियम नोव्हेंबरपासून लागू झाले होते आणि कंपनीचे भरगच्च वेळापत्रक त्यात मावेना. ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. सरकारने भाड्यांवर मर्यादा घातली आणि रद्द तिकिटांचे पैसे ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत परत करा, असे कंपनीला फर्मावले. त्या धांदलीत कंपनीने प्रवाशांना जे कळवले, त्यात एक गोष्ट सहज नजरेआड व्हावी अशी होती. ज्यांनी तिकीट दुसऱ्या संकेतस्थळावरून काढले आहे त्यांचेही रिफंड सुरू केले आहेत, पण त्यांचा पूर्ण तपशील आमच्याकडे नसण्याची शक्यता आहे, तेव्हा त्यांनी आम्हाला ई-मेल करावा, असा तिचा आशय होता.

म्हणजे ज्यांच्या विमानात बसायचे, त्यांनाच आपला प्रवासी धड ठाऊक नाही. वाचायला विचित्र वाटते, पण ऑनलाइन बुकिंगचा सगळा व्यवहार या एका फटीवर उभा आहे. जागा विमान कंपनीकडे, हॉटेलकडे, रेल्वेकडे किंवा ट्रॅव्हल्सवाल्याकडे असते. पैसे आपण भरतो ते मात्र तिसऱ्याच कुणाकडे. सगळे सुरळीत चालले की ही फट दिसत नाही. बिनसले की आपण नेमके तिच्यात अडकतो आणि मग कस्टमर केअरच्या नावाने बोटे मोडतो.

पोर्टल म्हणजे मंडईतला अडत्या. माल शेतकऱ्याचा, पैसा गिऱ्हाइकाचा आणि अडत तेवढी त्याची. मेकमायट्रिप, क्लिअरट्रिप, यात्रा, ईझमायट्रिप, इक्सिगो यांपैकी कुणाच्याही मालकीचे एक विमान नाही. त्यांच्याकडे असते ती दुसऱ्यांच्या साठ्यात डोकावण्याची सोय. ही सोय इंटरनेटपेक्षा जुनी आहे. १९५३ मध्ये लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ यांच्या शेजारी आयबीएम कंपनीचे ब्लेअर स्मिथ नावाचे विक्री अधिकारी बसले होते. आडनाव एकच निघाले म्हणून गप्पा सुरू झाल्या, आणि पुढे काही वर्षांनी त्यातून ‘सेबर’ ही संगणकीय आरक्षण व्यवस्था उभी राहिली. त्याआधी जागांचा हिशेब कार्डांवर आणि फळ्यांवर ठेवला जाई. युरोपातल्या चार विमान कंपन्यांनी १९८७ मध्ये ‘अमाडिअस’ काढली. आजही आपण ‘मुंबई ते सिंगापूर’ असे टाइप केले की ते विचारणे बऱ्याचदा अशाच एखाद्या जुन्या व्यवस्थेतून फिरून येते. स्वस्त विमान कंपन्या मात्र पोर्टलला थेट आपल्या संगणकाशी जोडून देतात. दोन्हीकडून शेवटी निघतो तो सहा अक्षरांचा पीएनआर.

आपल्याकडे २००० साली दीप कालरा यांनी मेकमायट्रिप सुरू केली ती अमेरिकेतल्या भारतीयांना मायदेशाची तिकिटे विकण्यासाठी. भारतातल्या भारतात तिकिटे विकायला तिने २००५ मध्ये सुरुवात केली. मधल्या काळात आयआरसीटीसीने २००२ मध्ये रेल्वेची तिकिटे ऑनलाइन आणली, २००३ मध्ये एअर डेक्कन ही स्वस्त विमान कंपनी उडू लागली, आणि साईटवर जाऊन कार्डाने तिकीट काढणे ही मध्यमवर्गाला जमण्यासारखी गोष्ट आहे हे कळले. रेडबसची गोष्ट तर बऱ्याच जणांना माहीत असेल. बेंगळुरूत काम करणाऱ्या फणींद्र समा यांना २००५च्या दिवाळीत गावी जायला बसचे तिकीट मिळाले नाही. कोणत्या एजंटकडे कोणती सीट शिल्लक आहे हे एका जागी दिसतच नव्हते. पुढच्या वर्षी त्यांनी मित्रांसोबत रेडबस काढली.

आता या धंद्याच्या पोटाकडे वळू, कारण कस्टमर केअर असे का वागते याचे अर्धे उत्तर तिथे आहे. पूर्वी विमान कंपन्या एजंटला तिकिटामागे ठरलेले कमिशन देत. २००८च्या सुमारास भारतात ते शून्यावर आणण्याची लाट आली, एजंटांनी बरीच आरडाओरड केली, पण जुने दिवस परतले नाहीत. तेव्हापासून विमानाचे तिकीट विकून पोर्टलच्या हातात फारसे पडत नाही. कन्व्हिनियन्स फी, विमा, ‘झिरो कॅन्सलेशन’ची जोडणी आणि कंपन्यांकडून मिळणारे मोठ्या विक्रीचे लाभ यांवर ते चालते. खरी कमाई हॉटेलांत. तिथे कमिशन साधारण पंधरा ते पंचवीस टक्के असते, काही ठिकाणी त्याहून जास्त. म्हणून तिकीट काढून होते न होते तोच अ‍ॅप ‘गोव्यात राहणार कुठे?’ असे विचारू लागते. ज्या तिकिटावर पोर्टलला जेमतेम तीन-चारशे रुपये सुटले, त्यासाठी अर्धा तास मनापासून बोलणारा माणूस फोनवर बसवणे त्याला परवडत नाही. मग आधी चॅटबॉट, मग मेनू, मग गाणे, आणि सगळे संपल्यावर माणूस. त्या मेनूत मराठीचा पर्याय मला क्वचितच सापडला आहे. मुंबईतून मिळणारा धंदा बघता याचे नवल वाटते.

हिशेब जवळून पाहण्यासाठी एक तिकीट घेऊ. समजा एका माणसाचे देशांतर्गत तिकीट ५,९९९ रुपयांना पडले. त्यात मूळ भाडे ४,४०० रुपये, त्यावर इकॉनॉमी वर्गाचा ५ टक्के जीएसटी २२० रुपये, विमानतळाचे वापर शुल्क, सुरक्षा शुल्क वगैरे मिळून ७८० रुपये. इथपर्यंत झाले ५,४००. हे विमान कंपनीच्या खात्यातले. त्यावर पोर्टलची कन्व्हिनियन्स फी ४०० रुपये आणि नकळत राहून गेलेला विमा १९९ रुपये. हे वरचे ५९९ विमान कंपनीने पाहिलेलेसुद्धा नाहीत.

आता हे तिकीट रद्द करा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा (डीजीसीए) नियम असा आहे की विमान कंपनीचे रद्द-शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असता कामा नये, आणि तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असले, अगदी तुम्ही विमानाला गेलाच नाहीत, तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के परत द्यायची. आपल्या उदाहरणातले ते ७८० रुपये असे हक्काचे आहेत. कित्येक जण ‘पैसे बुडालेच’ असे समजून मागतच नाहीत. विमान चुकले तरी ॲपमध्ये जाऊन कर-परताव्याचा अर्ज करावा. पोर्टल मात्र त्यातूनही आपली रद्द करण्याची फी कापते, कारण तुमचा त्याच्याशी झालेला करार वेगळा आहे. कन्व्हिनियन्स फी तर बहुतेकदा गेलीच, विमान कंपनीने स्वतःहून उड्डाण रद्द केले तरी. मला हे पटत नाही. ज्या सोयीचे पैसे घेतले ती सोयच मिळाली नसेल तर फी कशाची? पण अटींमध्ये तसे लिहिलेले असते आणि आपण ‘मान्य’वर बोट ठेवलेले असते.

एक बारकावा फार महाग पडतो. उड्डाण रद्द झाल्याचा किंवा वेळ बदलल्याचा मेसेज आला की माणूस घाईघाईने ॲप उघडतो आणि समोर दिसणारे ‘कॅन्सल’ दाबतो. ते दाबले की नोंद होते ती ‘प्रवाशाने स्वतः रद्द केले’ अशी आणि रद्द-शुल्क कापले जाते. त्याच पानावर जरा खाली ‘विमान कंपनीने उड्डाण रद्द केले’ असे कारण निवडायची सोय असते. ती नसेल तर काहीही न दाबता आधी कंपनीच्या साईटवर पीएनआर टाकून पाहावा. तिथे पूर्ण परतावा किंवा दुसरे उड्डाण घेण्याचा पर्याय दिसत असतो. परताव्याऐवजी क्रेडिट घ्यायचे की नाही हेही प्रवाशाने ठरवायचे, कंपनीने गळ्यात मारायचे नाही, असे डीजीसीएचा नियम सांगतो.

तिकीट काढल्यावर लगेच करायचे कामही हेच. विमान कंपनीच्या साईटवर जा, पीएनआर आणि आडनाव टाका, बुकिंग दिसते का बघा, आणि संपर्काच्या रकान्यात तुमचाच मोबाइल नंबर व ई-मेल आहे ना हे तपासा. काही एजंट आणि पोर्टल तिथे स्वतःचा पत्ता भरतात. मग वेळ बदलल्याचा मेसेज जातो त्यांच्या सर्व्हरला आणि तुम्ही पहाटे चारला विमानतळावर पोचता. इंडिगोला आपल्याच प्रवाशांचा तपशील का सापडत नव्हता, त्याचे उत्तर या रकान्यात असते. ‘पैसे कट झाले पण तिकीट आले नाही’ हा प्रकारही इथेच उघडा पडतो. पोर्टलवर ‘बुकिंग प्रोसेस होत आहे’ असे दिसते तेव्हा पैसे पोचलेले असतात पण पलीकडून जागा पक्की झालेली नसते. पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या बाबतीत नुसता पीएनआर पुरत नाही, तेरा आकडी तिकीट क्रमांकही लागतो. पीएनआर आहे आणि तिकीट क्रमांक नाही, याचा अर्थ जागा धरून ठेवली आहे, विकलेली नाही. व्यवहार फसला आणि पैसे अडकले तर यूपीआयने दुकानदाराला केलेल्या किंवा कार्डाने ऑनलाइन केलेल्या व्यवहारात पाच दिवसांत ते आपोआप परतले पाहिजेत, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९चा आदेश आहे. ही भरपाई बँकेकडे मागायची, पोर्टलकडे नाही.

भाडे बघता बघता का वाढते, हा लोकांचा आवडता संशय. ‘दोनदा शोधलं की साईटला कळतं आपण गरजू आहोत, मग वाढवतात’ असे छातीठोकपणे सांगणारे एक तरी काका प्रत्येक कुटुंबात असतात. कारण बहुतेक वेळा साधे असते. विमानातल्या एकाच वर्गाच्या खुर्च्या वेगवेगळ्या किमतींच्या गटांत वाटलेल्या असतात. स्वस्त गटातल्या चारच उरल्या असतील आणि तुम्ही पाच जणांची तिकिटे मागत असाल, तर पुष्कळदा पाचही जणांना वरच्या गटाचा भाव लागतो. चार आणि एक असे दोनदा काढून पाहिले तर फरक पडू शकतो. शिवाय पोर्टल प्रत्येक शोधाला विमान कंपनीला विचारत बसत नाही. थोड्या वेळापूर्वी आलेला भाव साठवून ठेवून तोच दाखवते आणि पैसे भरायच्या पानावर खरा भाव पुन्हा विचारते. तिथे ‘भाडे बदलले आहे’ अशी खिडकी येते ती म्हणून. ‘या दरात २ जागा शिल्लक’ हे वाक्य यामुळे खरे असू शकते, पण त्याचा अर्थ विमानात दोनच जागा आहेत असा नाही. ‘आत्ता ३८ जण हे हॉटेल बघत आहेत’ या वाक्याबद्दल मात्र मी इतके औदार्य दाखवणार नाही.

अशा युक्त्यांना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात तेरा प्रकार दिले आहेत. खोटी घाई निर्माण करणे, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणे, किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणे वगैरे. ग्राहकाला लाजवून होकार मिळवण्याच्या प्रकाराला तर त्यांनी उदाहरणच विमान तिकिटाचे दिले आहे: विमा नको म्हणणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ अशा वाक्यावर क्लिक करायला लावणे. आधीच टिक केलेला चौकोन ही ग्राहकाची संमती धरता येत नाही, हे तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांतच आहे. आपल्या उदाहरणातला १९९ रुपयांचा विमा अशा टिकमधून आला असेल तर तो परत मागायला हे कलम पुरेसे आहे.

आता फोन. पलीकडच्या माणसाच्या स्क्रीनवर काय असते हे कळले तर बोलणे सोपे होते. त्याला तुमचा बुकिंग आयडी दिसतो, तिकिटाचे नियम दिसतात, पुरवठादाराकडून आलेला शेवटचा निरोप दिसतो. तो तिकीट पुन्हा पाठवू शकतो, रद्द करू शकतो, बदलाची विनंती टाकू शकतो आणि तक्रार वरच्या टेबलावर ढकलू शकतो. नियम मोडून पैसे देणे त्याच्या हातात नसते. त्यामुळे त्याच्यावर आवाज चढवून उपयोग होत नाही, नेमके विचारून होतो. रिफंड अडकला असेल तर संभाषण साधारण असे जाते.

‘सर, एअरलाइनकडून अप्रूव्हल आलेलं नाही.’

‘तुम्ही त्यांच्याकडे मागितलं कोणत्या तारखेला?’

‘सर, २४ ते ४८ तासांत अपडेट येईल.’

‘ते येऊ दे. मागितलं कधी आणि किती रक्कम मागितली, एवढं मला ई-मेलवर द्या. तक्रारीचा नंबरही द्या.’

यानंतर दुसरा फोन विमान कंपनीला. स्वस्त विमान कंपन्यांशी जोडलेले एजंट बहुतेकदा कंपनीकडे आगाऊ पैसे ठेवतात आणि तिकिटे त्या वॉलेटमधून निघतात. रिफंडही त्याच वॉलेटमध्ये परत जातो, तुमच्या बँकेत नाही. म्हणून कंपनीला विचारायचे ते ‘माझे पैसे कधी देणार’ असे नाही. ‘या पीएनआरचा रिफंड एजंटला दिला का, दिला असेल तर किती आणि कोणत्या तारखेला’ असे विचारायचे. उत्तर ‘दिला’ असे आले की तो ई-मेल जोडून पोर्टलला पाठवायचा. ‘अप्रूव्हल आलेलं नाही’ हे वाक्य त्यानंतर फार काळ टिकत नाही. पोर्टल म्हणाले ‘आम्ही पाठवले’, तर कार्डासाठी एआरएन आणि यूपीआयसाठी यूटीआर नंबर मागावा. तो नंबर दिला की बँक पैसे कुठे आहेत ते शोधून देऊ शकते. नंबर नसेल तर पैसे निघालेले नाहीत असे खुशाल समजावे. आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर डीजीसीएचा नियम स्पष्ट आहे: एजंट हा विमान कंपनीने नेमलेला प्रतिनिधी, त्यामुळे परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची. नियमाची आठवण ई-मेलमध्ये करून दिली की भाषा बदलते.

कंपनीच बुडाली तर हे सगळे कुचकामी ठरते. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली, तेव्हा तिकीटधारकांचे पैसे दिवाळखोरीच्या दाव्यांत अडकले. अशा वेळी क्रेडिट कार्डाने पैसे भरलेल्यांना एक दार उघडे असते. ‘सेवा मिळाली नाही’ या कारणाने बँकेकडे चार्जबॅकचा दावा करता येतो. त्याला मुदत असते, म्हणून पोर्टलच्या ‘लवकरच’वर महिनोन्महिने बसून राहू नये.

रेल्वेचे गणित वेगळे आणि एका अर्थाने साधे. ऑनलाइन आरक्षित तिकिटाचा झरा एकच, आयआरसीटीसी. बाकीची सगळी ॲप्स तिच्या अधिकृत खिडक्या आहेत. म्हणून शेवटी आयआरसीटीसीचाच युजर आयडी आणि पासवर्ड मागितला जातो. खिडकी बदलली म्हणून जागा वाढत नाहीत, फक्त त्या खिडकीची फी वाढते. ‘कन्फर्म होण्याची शक्यता ८० टक्के’ हा अंदाज ॲपचा आहे, रेल्वेचा नाही. ‘कन्फर्म झाले नाही तर दुप्पट-तिप्पट पैसे’ या हमीतला वरचा भाग बऱ्याचदा कूपनच्या रूपात मिळतो, तेव्हा छोटी अक्षरे वाचावीत. आरक्षणाची मारामार काय असते हे गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना सांगायला नको. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, सकाळी आठला, आणि पाच मिनिटांत वेटिंग लागते. जुलै २०२५ पासून तत्काळसाठी आधारची पडताळणी आली आणि पहिल्या अर्ध्या तासात एजंटांना तत्काळ तिकीट काढायला बंदी झाली. पण जागाच मुळात कमी, तिथे कोणते ॲप काय करणार?

एका बाबतीत रेल्वे सरस आहे. चार्ट लागल्यावर पूर्ण वेटिंगवर राहिलेले ई-तिकीट आपोआप रद्द होते आणि पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत जातात. कुणाला फोन लागत नाही. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही जाणार नसाल तर मात्र टीडीआर, म्हणजे परताव्याचा दावा, भरावा लागतो, आणि तो गाडी प्रत्यक्षात सुटायच्या आत. घरी येऊन निवांत भरला तर उपयोग नाही.

ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये पोर्टलकडे आणखी कमी असते. बस ऑपरेटरची, रद्द करण्याचे नियम ऑपरेटरचे, आणि ऐन वेळी ‘बस वाकडला नाही येत, चांदणी चौकात या’ असे सांगणारा फोनही त्याचाच. पोर्टलवर तक्रार करताना त्या फोनची वेळ आणि नंबर द्यावा. दिवाळीत भाडे आभाळाला भिडले तर पोर्टलशी भांडण्यापेक्षा परिवहन विभागाकडे जावे. राज्य सरकारच्या एप्रिल २०१८च्या आदेशानुसार खासगी बसला त्याच मार्गावरच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपर्यंतच भाडे घेता येते. स्क्रीनशॉट हाच पुरावा.

हॉटेलात साखळी सर्वांत लांब. पोर्टल कधी थेट हॉटेलशी जोडलेले असते, कधी मध्ये खोल्यांचा घाऊक व्यापारी असतो. परदेशातल्या बुकिंगमध्ये तर दोन-दोन असतात. रात्री अकराला काउंटरवरचा माणूस ‘तुमच्या नावावर काही नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असेलच असे नाही. खोली तिसऱ्याच कंपनीच्या नावाने आलेली असते किंवा निरोपच पोचलेला नसतो. यावर उपाय म्हणजे निघण्याच्या दोन दिवस आधी हॉटेलला थेट फोन करून त्यांच्या नोंदवहीतला कन्फर्मेशन नंबर विचारणे. पोर्टलचा बुकिंग आयडी हा तो नंबर नव्हे. तारकर्लीत किंवा दापोलीत फोन केला तर मालक पलीकडून हमखास म्हणतो, ‘पुढच्या वेळी डायरेक्ट आमच्याकडेच करा, कमी करून देतो.’ तो कमिशनचा वाटा सोडायला तयार असतो. मग स्वतःच्या साईटवर तो कमी दर का लावत नव्हता? कारण काही पोर्टलांच्या करारात तशी बंदीच होती. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला सुमारे २२३ कोटी आणि ओयोला सुमारे १६९ कोटी रुपये दंड केला, आणि हॉटेलांवरची दरसमानतेची बंधने काढायला मेकमायट्रिपला सांगितले.

कस्टमर केअरचा सर्वांत वाईट प्रकार म्हणजे मुळात कस्टमर केअर नसलेला. रिफंडसाठी वैतागलेला माणूस गूगलवर ‘अमुक कंपनी कस्टमर केअर नंबर’ शोधतो आणि वर आलेला नंबर फिरवतो. समोरचा अतिशय नम्र असतो, पहिल्या रिंगला फोन उचलतो. खरे तर इथेच शंका यायला हवी. तो स्क्रीन शेअर करणारे ॲप टाकायला सांगतो किंवा ‘रिफंड घेण्यासाठी’ यूपीआय पिन टाकायला लावतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. एक्सवर कंपनीला टॅग करून तक्रार लिहिली तरी पाच मिनिटांत कंपनीचेच बोधचिन्ह लावलेले दुसरेच खाते ‘नंबर पाठवा’ म्हणत हजर होते. चारधामला जाणाऱ्यांना लुटण्यासाठी केदारनाथ हेलिकॉप्टरच्या खोट्या साईट दर हंगामात उगवतात. महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्या यात्रेकरूंची संख्या मोठी, म्हणून सांगून ठेवतो: ते बुकिंग आयआरसीटीसीच्या ‘हेलियात्रा’ साईटवरच होते. नंबर नेहमी ॲपच्या आतल्या मदत-पानावरून घ्यावा. पैसे गेलेच तर पहिल्या तासात १९३० ला फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळायच्या आत गोठवता आले तर आले.

अमेरिकेतल्या मुलांनी आईवडिलांचे तिकीट काढून दिले असेल तर एक फरक लक्षात ठेवावा. तिथला चोवीस तासांत फुकट रद्द करण्याचा नियम विमान कंपन्यांना बांधून घालतो, पोर्टलना नाही. रिफंड कुणी द्यायचा याचा निकाल २०२४च्या तिथल्या नियमाने एका ओळीत लावला: कार्डाच्या स्टेटमेंटवर ज्याचे नाव, त्याने. आपल्याकडेही बुकिंगनंतर थोड्या मुदतीत फुकट रद्द करण्याची तरतूद आहे. तिचे तास आणि अटी डीजीसीए वेळोवेळी ठरवते, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी डीजीसीएच्याच साईटवर पाहून घ्यावे.

तक्रारीची शिडी फार उंच नाही. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक पोर्टलला तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क साईटवर द्यावा लागतो. ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण. हा माणूस कॉल सेंटरमध्ये बसत नाही, म्हणून ई-मेल त्यालाच करावा. विमानासाठी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे एअरसेवा पोर्टल आहे, आणि सर्वांसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. या हेल्पलाइनवरच्या तक्रारी पाण्यात जातात असे समजू नये. करोनाकाळात रद्द झालेल्या तिकिटांच्या परताव्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला, तरी काही पोर्टलांकडे पैसे पडून होते. हेल्पलाइनवर साठलेल्या तक्रारींमधून ग्राहक प्राधिकरणाने ते प्रकरण उचलले आणि जून २०२४ मध्ये यात्रा कंपनीला उरलेले पैसे परत करायला लावले. प्रवाशांना शोधून फोन करण्यासाठी हेल्पलाइनच्या कार्यालयात पाच माणसांची सोय कंपनीने स्वतःच्या खर्चाने करावी, असेही त्या आदेशात होते.

त्यानंतर उरतो ग्राहक आयोग. पोर्टलच्या अटींमध्ये तळाशी ‘वाद केवळ दिल्ली किंवा गुरुग्रामच्या न्यायालयात’ असे काहीतरी छापलेले असते आणि ते वाचून सांगलीचा माणूस फाइल बंद करतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क शून्य. अर्ज ई-जागृती या पोर्टलवर घरबसल्या भरता येतो. त्यात विमान कंपनी आणि पोर्टल अशा दोघांनाही प्रतिवादी करावे. एकालाच केले तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.